धुराचा कर

अमळनेरकडचा निंबा सुरतेजवळच्या पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या गिरणीत, वीस वर्षं बॉयलर सांभाळत होता. मोठ्या आवाजाचा, हसरा माणूस.

१९९१च्या हिवाळ्यात बॉयलरचा व्हॉल्व्ह गेला आणि मिल थंड पडली. नवा व्हॉल्व्ह मुंबईला मिळणार होता, आणि तो पारखून घेणारा माणूस एकच. शेठ जयंतीभाई म्हणाले, "निंबाभाई, विमानाने जा. सांजेपर्यंत परत ये."

सुरतेच्या विमानतळावर निंबाने तिकीट निरखून काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "ताई, भाड्याखाली हा कर कशाचा?"

"विमानप्रवासाचा, काका."

बाहेर छोटं विमान सुरू झालं आणि त्यातून धूर निघाला. निंबाला वाटलं, कळलं! धूर करायचा, तर कर भरायचा. हा न्याय त्याला फार आवडला.

सांजेला तो व्हॉल्व्ह घेऊन परतला आणि मिलजवळच्या घरी बायकोला, सरलाबाईला, सगळं रंगवून सांगितलं. ती खाटेवरचे वाळलेले पापड गोळा करत होती.

"धूरना कर? मंग तुमनी चिमणीना कर कोन देई?" तिने एक पापड त्याच्यापुढे धरला. त्यावर काजळीचे ठिपके होते.

 सकाळी व्हॉल्व्ह बसला, वाफ चढली, तेव्हा निंबाने शेठना तेच विचारलं. शेठ पोट धरून हसले. "अरे, तो कर सरकारी तिजोरीत जातो. धुराचा कर कोणी घेत नाही. धूर काय, वाऱ्यावर जातो!"

"वाऱ्यावर नाही शेठ, माझ्या घरी येतो. भट्टीत कोळशाबरोबर मिलच्या चिंध्या जाळणं तरी बंद करा."

मिल सुरू झाल्याने शेठ खुशीत होते. "जा, चिंध्या बंद!"

पुढचं निंबाने स्वतःच केलं. पूर्वी भट्टी गच्च भरून सगळे विडी ओढायला बसत. आता तो थोडा थोडा कोळसा पातळ पसरून वरचेवर टाकू लागला. सोबतचे कुरकुरले, "अप्पा, बसू तरी द्या!" पण महिन्याभरात काळा धूर करडा झाला आणि कोळसाही कमी लागू लागला.

मग शेजारच्या मिलचा बॉयलरवाला हिलाल हे शिकायला आला. तो इतका तयार झाला, की सुट्टीच्या दिवशी दोघं हायवेवर उभे राहून कुणाच्या चिमणीचा धूर फिकट, यावर भांडायचे. चहाच्या टपरीवाल्याने निकाल द्यायचं कधीच सोडून दिलं होतं.