मी पुसलेलं फाटक

"लेबर पीछे से." गार्डनं अण्णांच्या पिशवीतली करणी बघितली आणि हात आडवा केला.

अण्णा म्हणजे माझे वडील. गवंडी. गुरुग्रामच्या या वसाहतीतल्या विटांच्या कमानी त्यांच्या हातच्या. ज्या आर्किटेक्ट सरांनी ही वसाहत उभी केली, त्यांच्या स्मरणार्थ त्या दिवशी तिथं सोहळा आणि प्रदर्शन होतं. अण्णांचा सत्कार होता. करणी काचेच्या पेटीत मांडायची, म्हणून सोहळा भरवणाऱ्या आमच्याच ऑफिसनं ती आणायला सांगितली होती.

माझ्या गळ्यात ऑफिसचं कार्ड. मी भांडायला हवं होतं. मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही तिकडून या. मी आत भेटते." आणि मोठ्या फाटकातून आत गेले. मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

अण्णा घरी सांगायचे, सरांनी इथं एकच फाटक ठेवलं. मालक, मोलकरीण, भाजीवाला, सगळे झाडांखालच्या चौकातून जाणार. पावसाचं पाणीही त्याच चौकात मुरणार. चौकाचा उतार अण्णांनीच काढलेला. दिल्लीत मुनिरक्याच्या एका खोलीत हे ऐकत मी वाढले. त्यापायीच इमारतींचं ड्रॉइंग शिकले.

सर गेल्यावर सोसायटीनं मागची भिंत फोडली. कचऱ्याच्या डब्यांशेजारी एक अरुंद फाटक बसवलं. कामवाल्यांसाठी. प्रदर्शनात 'आजची वसाहत' असा एक नकाशा लावायचा होता. मापं घ्यायला मीच गेले होते. टेप लावून लिहून आणलं, पाऊण मीटर. आमच्या ऑफिसच्या मॅडम पुण्याच्या, गोड बोलणाऱ्या. म्हणाल्या, "ते मागचं नको दाखवायला, यार. एकच गेट किती छान दिसतं!" मी ते पुसलं. एक रेघ ओढली, भिंत सलग झाली. तेव्हा काही वाटलं नाही. भूक लागली होती, एवढं आठवतं.

अण्णा हॉलमध्ये आले. चपलेला डब्यांजवळचा ओला कचरा. माझ्या नकाशापुढे उभे राहिले. अक्षरं त्यांना जेमतेम येतात, नकाशा मात्र पक्का वाचतात. बोट भिंतीवरून फिरत गेलं. थांबलं. परत मागं आलं.

"मी आत्ता आलो ते दार कुठंय गं यात?"

रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. मला लाज वाटली. स्वतःची.

टेबलावरचं काळं पेन घेतलं. भिंत तोडली, फाटक आखलं, माप टाकलं. शेजारी लिहिलं, 'कामगारांसाठी. सरांच्या पश्चात.'

मॅडम धावत आल्या. "आज नको गं, प्लीज. आजचा दिवस सरांचा आहे."

"म्हणूनच," मी म्हणाले.

माइकवर अण्णांचं नाव पुकारलं. अण्णांनी करणी पिशवीतून काढलीच नाही. म्हणाले, "चल."

आम्ही बाहेर पडायला मोठ्या फाटकाशी आलो. गार्डचा हात पुन्हा आडवा. मी तो बाजूला केला. अण्णा पुढे, मी मागं.

नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. यापुढे माझ्या हातून असं फाटक पुसलं जाणार नाही. ज्या भिंतीत दिसेल त्या भिंतीत आखीन, मापासकट. आणि अण्णांना तिकडून पाठवणारी मीच होते, हे प्रत्येक वेळी सांगेन.