चांदसाबचं शेंदेलोण

आता माजंच केस पिकलं, पर शेंदेलोणाचा गुलाबी खडा दिसला की मला चांदसाब अत्तार आठवतो, आन् डोळं भरत्यात.

आमच्या मलकापुरातली हळद तो बैलगाडीनं सांगलीच्या पेठंला न्यायचा. येताना हिंग, सुंठ आन् शेंदेलोण आनायचा. माज्या सासूला, राहीबाईला, म्हनायचा, "आक्का, तुमची हळद आगगाडीत बसून पंजाबात गेली, आन् तिकडच्या डोंगराचं मीठ तुमच्या दारात आलं बगा!"

म्हातारीला एकादशीला त्येच मीठ लागायचं. समिंदराचं चालायचं न्हाई. नखरं तरी किती, असं मी चुलीपुढं पुटपुटायची. लय ग्वाड दिस हुतं ते.

मग एका देशाचं दोन झालं. आमचं मालक पलटनीत, त्यास्नी काश्मिरात धाडलं. म्हातारी नवस बोलली, "माजा गुंडा सुखरूप येईस्तोवर एक एकादशी चुकवनार न्हाई." आन् नेमकं तवाच मीठ यायचं थांबलं. मिठाचा डोंगूर पल्याडच्या देशात ऱ्हायला. चांदसाब रिकामी पिशवी घिऊन आला.

मी त्येला दारातच गाठलं. "आवं, सादं मीठ गेरूत घोळून द्या की! म्हातारीला काय कळतंय?"

त्यानं कानाला हात लावलं. "बनू, तुजा नवरा तिकडं गोळ्या झेलतोय, आन् त्येच्या आईच्या तोंडात मी खोटं घालू?"

मला मेल्याहून मेल्यागत झालं. रागबी आला, खोटं का सांगू!

त्यानं म्हातारीला खरं सांगून टाकलं. ती म्हनली, "मग अळणी खाईन." आन् त्येच्याकडं बगून म्हनली, "लोकं बोलत्यात, तुमीबी जानार तिकडं. खरं हाय का वो?"

"तिकडं मला कुत्रंबी वळकायचं न्हाई, आक्का."

"मग बसा. च्या घ्या."

वरीसभर म्हातारीनं दर एकादशीला बिनमिठाची वरी गिळली. मालकांचं पत्रबी येईना. माजा जीव टांगनीला.

आन् एका एकादशीला, भर दुपारी, मालक दारात हुबं! पाय लंगडत हुता, पर मानूस जित्तं. म्हातारीनं गुळाचा खडा माज्या हातात कोंबला. "पळ, आदी चांदसाबला दे!"

तो जेवायला बसला हुता. मी धापा टाकत म्हनलं, "आलं! मालक आलं!"

त्येचा घास हातातच ऱ्हायला. त्येची बायकू शकिला पदरानं डोळं पुसाय लागली. म्हनली, "बनू, वरीस झालं, तुमच्या एकादशीला ह्येबी घरात अळणीच जेवत्यात. कुनाला सांगू देत न्हाईत."

"गप गं," चांदसाब खेकसला. मग ताट म्होरं सारून म्हनला, "आता आन मीठ."