गो म्हणजे जाणे

त्या दिवशी डॉक्टरांनी मला विलासच्या खोलीबाहेर बोलावलं. त्या बोलल्या. मी मान हलवली. मग मी त्याची बॅग भरायला घेतली.

हे इथं इंग्लंडात घडलं. पण सांगायचं तर गारखेड्याच्या घरापासून सांगावं लागेल. आम्ही निघालो त्या सकाळी सासूबाईंनी आमच्या हातावर दही घातलं. बूट घालता घालता विलास म्हणाला, "चल आई, जातो आम्ही." त्यांनी त्याला बूट काढायला लावले आणि पुन्हा आत नेऊन बसवलं.

"जातो म्हणतेत व्हय? येतो म्हण."

"अगं, विमान जातंय. मी काय करू?"

"विमानाला जाऊ दे कुठं जायचं तिथं. तू येतो म्हण."

"येतो," तो म्हणाला. तेव्हा कुठं आमची रिक्षा हलली.

विलास फर्दापूरकडच्या शेतकरी घरातला. शिकायला शहरात आला, गारखेड्यात घर केलं आणि शहराचाच झाला. माझं माहेर त्याच शहरातल्या शहागंजातलं. मी मराठी शाळेत शिकले, पुढं पुष्कळ वाचलं, पण माझं इंग्रजी पुस्तकातलं. गो म्हणजे जाणे, वेंट म्हणजे गेला, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. इंग्लंडात आल्यावर कळलं की या लोकांचं सगळंच जातं. दूध नासतं ते जातं, फोन वाजतो तो जातो, माणूस वेडा होतो तोही 'जातो'. दुकानातली बाई पिशवी हातात देताना 'देअर यू गो', म्हणजे हे घ्या, म्हणायची आणि विलास बाहेर पडून म्हणायचा, "आत्ता तर आलो, आन् ही मला घालवतीय." गाडी शिकवणारा पहिल्याच दिवशी मला 'हॅव अ गो', म्हणजे चालवून बघा, म्हणाला. मी दार उघडून खाली उतरले. ही गोष्ट विलासनं येईल त्या पाहुण्याला सांगितली. "माझी बायको लई गुणाची. जा म्हणलं की निघाली."

हसणं थांबलं ते एका संध्याकाळी. तो घरी आला आणि कोट न काढताच खुर्चीत बसला. "आमच्यातल्या दोघांना लेट गो केलं," म्हणाला.

"म्हणजे?"

"सोडलं. कामावरून काढलं."

तेव्हा आमचं इथलं राहणं त्याच्या नोकरीवर होतं. त्यानंतर साहेबानं हाक मारली तरी त्याला वाटायचं, आता आपला नंबर. घरात 'लेट गो' हा शब्द आम्ही दोघंही उच्चारत नव्हतो. त्याची नोकरी राहिली. भीतीही राहिली. मग एका सकाळी दाढी करताना तो पडला. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

दवाखान्यात मशीन त्याच्यासाठी श्वास घेत होतं. सासूबाई फोनवर एकच विचारायच्या, "कधी सोडणारेत त्याला?" आपल्याकडं दवाखान्यातून माणसाला सोडतात. 'उद्या सोडू' हे ऐकायला आपण जिन्यावर, कॉरिडॉरमध्ये दिवसच्या दिवस बसून काढतो. माझे कानही तेवढ्यासाठीच उघडे होते. म्हणून डॉक्टर जेव्हा हळू आवाजात म्हणाल्या की आता 'लेट हिम गो' करायची वेळ आली आहे, तेव्हा मला नोकरी आठवली नाही. मला गारखेडा आठवला. सोडतायत.

"टुडे?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. तुमची तयारी असेल तर आजच, म्हणाल्या. मी मान हलवली.

स्वेटर, मोजे, चष्म्याचं घर बॅगेत घातलं. बूट पलंगाखाली नीट लावून ठेवले. नर्स आत आली, बूट बघून थांबली. "बाहेर थंडी आहे, त्याला लागतील," मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. ती गेली आणि डॉक्टरांना परत घेऊन आली. त्यांनी फोनवर एक दुभाषी बाई जोडून दिली. ऐकायला मराठी आलं म्हणून मला आधी बरंच वाटलं.

"ताई, डॉक्टर म्हणतायत, त्यांना आता सोडायचं."

"हो, घरी. माझी बॅग भरून झालीय."

पलीकडून बराच वेळ आवाज नाही.

"घरी नाही, ताई. मशीन बंद करायचं म्हणतायत. ते आता शुद्धीवर येणार नाहीत. मशीन काढलं की श्वास थांबेल."

मी आधी मशीनकडे पाहिलं. ते चालू होतं. "मघाशी मी मान हलवली," मी म्हणाले. "ती त्यांनी धरली का?" बाईंनी विचारून घेतलं. "नाही धरली. तुम्हाला आता विचारतायत."

एकटीनं हो म्हणायचं माझं धाडस होईना. मी गारखेड्याला फोन लावला.

"कधी सोडणारेत?" सासूबाईंनी नेहमीसारखं विचारलं.

माझ्या तोंडूनही तोच शब्द आला. "आज सोडायचं म्हणतायत, आई."

"देव पावला गं माय. कानाला मफलर बांध म्हणावं. तिथं लई थंडी."

दुभाषी बाईचं ते गप्प राहणं मला तेव्हा समजलं. "आई," मी म्हणाले, "घरी नाही."

नंतर मी सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्याच्या कानाला फोन लाव." मी लावला. फोनमधून त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"विलास, येतो म्हण."

मशीनचा आवाज येत राहिला. मी फोन माझ्या कानाला घेतला. "येतो म्हणतोय, आई," मी सांगितलं. मग मी डॉक्टरांकडे वळून पुन्हा मान हलवली.

तुम्ही तिकडचे विचारता, आता कशासाठी राहिलीस, परत ये. आणि जे माझ्यासारखे बाहेर आलात, तुम्ही काही विचारत नाही, कारण तुम्हालाही अवेळी वाजलेल्या फोनची भीती वाटते. सासूबाई थकल्या आहेत. एखाद्या दिवशी त्यांच्या फोनवरून दुसऱ्याच कुणाचा आवाज येईल, आणि तो माणूस काय म्हणेल हे मला माहीत आहे. घर म्हणजे काय, तर निघताना जो कुणी आपल्याला येतो म्हणायला लावतो तो. ते माझ्यापाशी आता फोनवर आहे. रोज बोलून झालं की त्या विचारतात, "काय म्हणायचं?" मी म्हणते, "येते."

सासूबाई गारखेड्यात आहेत. मी इथं आहे. विलासचे बूट दाराशी आहेत.