पाट्याला टाकी लावणारी

दर दोन महिन्यांनी ती आमच्या धंतोलीच्या गल्लीत यायची आणि गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीने पुन्हा खडबडीत करून द्यायची. तिचं बोलणंही छिन्नीच्या तालावर असायचं. एक वाक्य, मग दोन ठोके. मध्येच थांबून डोळे मिटायची आणि दगडावरून तळहात फिरवायची.

त्या वेळी दुकानदाराने वाटण करणारं, कणीक मळणारं, रस काढणारं एक मशीन आठवडाभर वापरून बघायला दिलं होतं. किंमत यजमानांच्या दीड पगाराएवढी. तरी माझं अडलं होतं ते हिच्यापायी. मशीन घेतलं तर हिचं काय?

मी तिला मशीनवरचं मिरचीचं वाटण दाखवलं. तिने ते बोटांत चोळून पाहिलं.

"बारीक हाये. घेऊन टाका, बाई."

"अगं, मग तुझं काम जाईल ना?"

ठक, ठक.

"काम कुठं राह्यलं? या गल्लीत तुमचा एकलाच पाटा हाये. त्याच्यासाठी मी इतवारीतून पायी येते."

मी थक्क झाले. शेजारणींकडे मिक्सर आले हे ठाऊक होतं, पण हिला इथे दुसरं गिऱ्हाईकच उरलं नाही, हे डोक्यात आलं नव्हतं.

"मग येतेस कशाला?"

"तुमचं वाटण अडन म्हून." ठक, ठक. "आता मशीन घ्या अन् मले मोकळं करा."

ती काम अर्ध्यावर सोडून छिन्नी-हातोडी फडक्यात गुंडाळून उठली.

"पाटा अर्धाच राहू द्या असा. न्हाणीत बसवा. पाय नाही घसरत."