चिमटीत न येणारी कातडी

नवऱ्याचा हात पुढे घ्यायचा, चिमटी लावायची आणि कातडी उचलली जाते का बघायचं, हे माझं रोजचं काम होऊन बसलं होतं. सकाळी दूध तापत ठेवलं की पहिलं तेच. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी इतकी ताणलेली की बोटं नुसती घसरायची. "आली?" तो विचारायचा. "नाही," म्हणायचे आणि दूध उतू जायच्या आत ओट्याकडे पळायचे.

तो एसी दुरुस्त करायचा. सुरुवातीला गारठ्यात बोटं पांढरी पडायची, तेव्हा आम्ही म्हटलं, कामच थंडाव्याचं, होणारच. मग मूठ वळेना, घास घ्यायला तोंड पुरतं उघडेना, जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी सांगितलं, रक्तातल्या राखणदार पेशी त्याच्याच अंगावर उठल्यात. आज कातडी, उद्या फुप्फुसं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, काही उपयोग नाही. शेवटी त्यांनी दुसरा उपाय काढला. ज्या मूळ पेशींपासून सगळं रक्त बनतं, त्या त्याच्याच रक्तातून मशीनने वेगळ्या काढून ठेवायच्या, कडक औषधांनी जुन्या बिथरलेल्या पेशी मारायच्या, आणि मग त्या मूळ पेशी परत अंगात सोडायच्या.

"नव्या पेशी अंगातच वाढतात आणि आपलं कोण, परकं कोण ते नव्याने शिकतात," डॉक्टर म्हणाले. "काही तर बाकीच्यांना आवर घालायलाच शिकतात."

"आणि नाही शिकल्या तर?"

"तसंही होतं. शिवाय या उपचारात जिवाला धोका आहेच." निदान खोटं तरी बोलले नाहीत.

ते सगळं उरकून घरी आणला तेव्हा डोक्यावर केस नाहीत, अंगात त्राण नाही. साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतेल, असं बजावलं होतं. पाणी उकळलेलं, जेवण ताजं शिजवलेलं, घरात फुलं नकोत, माणसं नकोत. आता केबिन रोडच्या मागच्या दाटीवाटीच्या बिल्डिंगमध्ये राहून माणसं नकोत म्हणायचं कसं? शेजारीण रोज दारात. "भाभी, बस पाँच मिनट, दूर से देखूँगी." गावाकडचे नातेवाईक केळी आणि हार घेऊन हजर. मी मुळातच फटकळ, सगळ्यांना दारातूनच वाटेला लावलं. "मोठी आली डॉक्टरीण," असं मला ऐकू जाईल अशा बेताने बोलत लोक जिना उतरायचे. भांडून भांडून जीव मेटाकुटीला आला. कधी कधी वाटायचं, होऊ दे काय व्हायचं ते, उघडं टाकावं दार.

अशात गावाहून, तारोडीहून, सासूबाई आल्या, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. त्यांनाही मी उंबऱ्यावरच अडवलं. म्हटलं, "आई, त्याचं रक्त नवं झालंय. तान्ह्या बाळासारखं. पुढे लसीसुद्धा बाळाच्याच घ्यायच्यात परत." आता होतोय तमाशा, या तयारीने मी कंबर कसून उभी.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "अगो, मंग सोयर हाय म्हन की! इतके दिस भांडत काय बसलीस?"

जिन्यातच बसून त्यांनी सगळ्यांना फोन लावले. "आमच्यात सोयर हाय. कोनी येऊ नका." पलीकडून कुणीतरी विचारलं असावं, बाळंत कोण झालं? "मीच! माझा पोर परत जन्मला हाय. आनि धा दिसांचं न्हाय हां, डाक्टर सांगंल तवा फिटंल."

जंतू म्हटल्यावर नाकं मुरडणारे सोयर म्हटल्यावर मुकाट्याने थांबले. मला हसू आलं आणि संतापही आला. एवढे दिवस घसा कुणासाठी फोडला मी? सासूबाई मात्र आत आल्या नाहीत. उंबऱ्यावरूनच लेकाला डोळे भरून पाहिलं, बोंबील उचलले आणि गेल्या.

महिने गेले. रोज दूध, रोज चिमटी. त्याने "आली?" विचारणंही सोडलं. मीही सवयीने हात लावायचे, आशा अशी उरली नव्हती. एके सकाळी त्याने हात मागे ओढला. "बस कर आता. नाही शिकल्या त्या."

माझं डोकंच फिरलं. दारात इतक्या जणांशी भांडले ते हे ऐकायला? हात ओढून घेतला आणि रागारागाने करकचून चिमटा काढला.

"आई गं! केवढ्याने!"

आम्ही दोघंही खाली बघायला लागलो. माझ्या दोन बोटांत त्याच्या कातडीची बारीकशी घडी होती.

मागे दूध उतू गेल्याचा वास सुटला.

"सोड ना, दुखतंय," तो म्हणाला.

मी नाही सोडलं.