सगळ्यांसाठीची जोडणी

माझ्या दादाला रक्तपेढीत सगळे ‘जमलं’ म्हणायचे. काम झालं की मान वर न करता तो तेवढंच बोलायचा, त्यावरून हे नाव पडलं. मलाही तिथे कुणी नावाने ओळखत नसे. काउंटरवरची, जमलंची बहीण. सुरुवातीला राग यायचा, मग सवय झाली.

रक्ताचा सगळा साठा, कुठल्या गटाच्या किती पिशव्या आणि कुठल्या फ्रीजमध्ये, हे आतल्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर असतं. आम्ही काउंटरवर जुन्या प्रोग्रॅममधून ते बघतो. ह्या दोघांची गाठ घालून देणं हे दादाचं काम. त्यासाठी एक छोटीशी खिडकी उघडते. तिच्यात ड्रायव्हर निवडायचा, जोडणीला नाव द्यायचं, मोठ्या कॉम्प्युटरचा पत्ता आणि पासवर्ड टाकायचा, की टेस्टचं बटण दाबायचं. ‘ड्रायव्हर कसला, गाडीचा?’ असं मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा तो वैतागला होता. ‘अगं, दुभाष्या समज. ह्याचं बोलणं त्याला सांगतो, त्याचं ह्याला.’

शिकवताना फार ओरडायचा. आणि त्याचं सगळ्यात जास्त ओरडणं एकाच गोष्टीवरून असायचं. त्या खिडकीत वर दोन कप्पे असतात, युजर आणि सिस्टिम. खिडकी उघडते ती युजरवर. तिथे जोडणी केली की ती फक्त करणाऱ्याच्या लॉगिनला दिसते, दुसरा कुणी बसला की त्याच्यासाठी ती नसतेच; सगळ्यांना दिसायची तर ती सिस्टिमवर करावी लागते. आणि गंमत म्हणजे टेस्ट मात्र झकास पास होते, कारण टेस्ट करणारा तोच असतो. नवखा माणूस हमखास तिथेच फसतो. ‘आधी सिस्टिमवर जा,’ दादा टेबलावर बोट आपटून सांगायचा. ‘एकट्यापुरतं करू नये. आपण घरी गेल्यावर चाललं पाहिजे.’ मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, पुरे आता, पाठ झालं.

मग तो विसरायला लागला. आधी चष्मा, किल्ल्या. त्यावर आम्ही हसलो. मग एकदा घराच्या दारात उभं राहून त्याने वहिनीला विचारलं, ‘आपण कोणाकडे आलोय?’ वहिनी त्या दिवशी माझ्याकडे येऊन स्वयंपाकघरात खाली बसून रडली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आजाराचं नाव सांगितलं आणि हे आता वाढतच जाणार असंही सांगितलं. मला त्या डॉक्टरांचाच राग आला. इतकं सरळ सांगतं का कुणी?

आमच्या रक्तपेढीच्या मॅडम वाईट नाहीत. त्यांनी सांभाळून घेता येईल तेवढं घेतलं. पण रक्ताचं काम आहे, चूक कुणाच्या तरी जिवावर बेतायची. काउंटरला नवीन कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं. ‘ह्याची जोडणी दादांना करू दे. जमली तर राहू देत. नाही तर मला त्यांना घरी बसवावं लागेल.’ दादालाही त्यांनी हेच स्पष्ट सांगितलं. तो बाहेर आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, ‘घरी बसलो तर संपलो मी.’

दुपारी तो बसला. मी मागे उभी राहिले, जीव मुठीत धरून. काही सुचवायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. त्याने स्वतःच्या लॉगिनने कॉम्प्युटर उघडला, खिडकी उघडली, ड्रायव्हर अचूक निवडला. पत्ता न बघता टाकला. पासवर्डला थांबला, डोळे मिटले, आणि बोटांनी आपोआप टाकला. त्याची बोटं बघून मला इतका आनंद झाला की वर कुठला कप्पा उघडा आहे हे मी पाहिलंच नाही. टेस्ट पास झाली. ‘जमलं,’ तो म्हणाला. फ्रीज सांभाळणारा पोरगा माझ्याकडे बघून हसला. मॅडमनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. रात्री वहिनीचा फोन आला, की आज ते पोटभर जेवले.

सकाळी मी आणि दादा पोचलो तर पहाटपाळीला काउंटरवर बसणारी मावशी वैतागलेली. तिच्या लॉगिनने साठा उघडतच नव्हता. प्रत्येक वेळी फ्रीज उघडून पिशव्या बघाव्या लागत होत्या. मॅडम अजून यायच्या होत्या.

दादा खुर्चीत बसला, स्वतःच्या लॉगिनने आत गेला, आणि साठा लगेच उघडला. ‘चालतंय की,’ तो म्हणाला. मावशी पुन्हा बसली, तिच्या लॉगिनने नाही. दादा पुन्हा बसला, चालतंय. ‘हिला वापरता येत नसेल,’ तो माझ्याकडे बघून म्हणाला.

‘दादा, सिस्टिमचा कप्पा,’ मी हळूच म्हटलं.

‘कुठला कप्पा?’

मला वाटलं, तो चिडून विचारतोय. त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळलं, त्याला खरंच माहीत नाही. मी त्याच्या हातातून माउस घेतला. मॅडम यायच्या आत सगळं निस्तरावं आणि कुणाला काही कळू नये, एवढंच डोक्यात होतं. दुसरा कप्पा उघडला, ड्रायव्हर, नाव, पत्ता, पासवर्ड, टेस्ट. तो शेजारी वाकून लक्ष देऊन बघत होता, नवं काही शिकावं तसा.

मावशी आपल्या लॉगिनने आत गेली. साठा उघडला.

‘म्हणजे आता कुणीही बसलं तरी चालणार?’ दादाने विचारलं.

‘हो. सगळ्यांसाठी.’

‘छान आहे हे. तुला कोणी शिकवलं?’

खोटं बोलता आलं असतं. पण म्हटलं, ‘तूच की रे, दादा.’

त्याने पडद्यावरच्या त्या दोन कप्प्यांवरून बोट फिरवलं. त्या वेळी तो काय समजला, किती समजला, मला आजही सांगता येणार नाही.

दार उघडून मॅडम आल्या. ‘काय दादा, चाललंय ना नीट?’

मी तोंड उघडणार तोच दादा उठून उभा राहिला. त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली.

‘जमलं,’ तो म्हणाला. ‘हिने केलं. मला नाही येत ते.’