बाईंच्या खुर्चीचे दोन इंच

सुतारकाका वृद्धाश्रमात आले तेव्हा मुलाने हत्यारांची पेटी सोबत दिली होती. मेट्रनने ती पहिल्याच दिवशी कुलपात टाकली. पटाशीने कुणाला लागलंबिगलं तर? काका भांडले नाहीत. बायको गेल्यापासून भांडायची सवयच मोडली होती. पहिले सहा महिने ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांना उठवलं ते बाईंनी. बाई शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी सगळ्यांच्या बाईच. "बुद्धिबळ येतं का?" असं त्यांनी दारातूनच विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज चार वाजता हॉलमध्ये काकांना धूळ चारायला सुरुवात केली.

आणि याच बाई आता महिनाभर खोलीबाहेर आल्या नव्हत्या. डॉक्टरांनी पंधरा प्रश्नांचा कागद भरला. खोलीतच बसावंसं वाटतं का? हो. झालं, निकाल लागला : उदासी. गोळ्या सुरू झाल्या. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर वरच्या मजल्यावर हलवू, असं मेट्रन म्हणाली. वर गेलेलं माणूस खाली आल्याचं काकांनी पाहिलं नव्हतं. बाई गेल्या तर आपलं तोंड पुन्हा भिंतीकडे होणार, या विचाराने ते घाबरले.

ते सरळ बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

"हरायची भीती वाटायला लागली का?"

"तुमच्याकडून? तोंड बघा आरशात."

"मग येत का नाही?"

बाईंनी कॉटवरून उठून दार लोटून घेतलं. "त्या नव्या खुर्च्या आल्यात ना, त्यात बसलं की उठता येत नाही. त्या दिवशी मावशींना हाका मारत बसले. त्या कामात. येईपर्यंत साडी ओली झाली, सगळ्यांसमोर. चाळीस वर्षं पोरांना बाकावर उभं केलं हो मी, आणि मलाच उभं राहता येईना."

घोडं कुठे पेंड खातंय ते काकांना कळलं. कॉटवरून बाई कुणाचा हात न धरता उठल्या होत्या.

हॉलमधल्या खुर्च्या देणगीतल्या. मऊ, खोल आणि बुटक्या. देणाऱ्याने सत्तरीतले गुडघे घेऊन एकदा बसून बघायला हवं होतं. नाश्त्याला बसलेली मंडळी जेवणापर्यंत तिथेच असत, आणि त्यांना आळशी म्हणणाऱ्यांत काकाही होते. आता त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी," खुर्ची उंच करायची म्हणून काका पेटी मागायला गेले तेव्हा मेट्रन म्हणाली.

"न्हावी नाही, सुतार आहे. पेटी द्या."

पेटी मिळाली, एका खुर्चीपुरती आणि मेट्रनच्या डोळ्यांसमोर. काकांनी चार ठोकळे केले. खुर्चीचे पाय सरकू नयेत म्हणून वर खोबणी कोरल्या. दुपारी सगळे झोपले असताना बाईंना आणून बसवलं. बाईंचे पाय हवेत लोंबकळायला लागले.

"अहो, पाळण्यात बसवलंत का मला?"

काकांनी कपाळावर हात मारला. 'आधी माप, मग करवत' असं जन्मभर हाताखालच्या कारागिरांना बजावलं, आणि स्वतः मात्र आपल्याच गुडघ्याचं माप धरलं. ते ताडमाड, बाई वीतभर. बाई खोकला येईपर्यंत हसल्या. "गणितात नापास!" महिन्याभरात त्या पहिल्यांदाच हसत होत्या. काकांनी टेप काढून टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत मोजलं. चार इंचांचे ठोकळे दोनावर आले.

बाई बसल्या आणि उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या.

"पुरे, चक्कर येईल."

"गप्प बसा. मोजतेय मी."

मग काय, जो तो माप द्यायला हजर. हॉलमध्ये 'ही माझी खुर्ची' म्हणून रोज एक तरी भांडण व्हायला लागलं. मेट्रन वैतागली, पण पेटी काही परत मागेना.

पंधरा दिवसांनी डॉक्टर आले. बाईंची खोली रिकामी बघून चपापलेच. हॉलमध्ये पटापाशी एकच खुर्ची मोकळी होती, ठोकळे न बसवलेली. तीत ते धपकन बसले आणि कागद काढला. बाईंनी सगळी उत्तरं नजर पटावर ठेवूनच दिली. शेवटी डॉक्टर उठायला गेले, तर फाईल एका हातात, पिशवी मांडीवर, आणि कंबर काही वर येईना. दोनदा प्रयत्न केला आणि ओशाळून इकडेतिकडे पाहिलं.

बाई उठल्या. त्यांच्यासमोर जाऊन हात पुढे केला. "लाजू नका हो. खुर्चीच तशी आहे."

काका बघतच राहिले. डोळे पुसून पटाकडे वळले आणि घाईत भलतीच चाल केली. त्यांचा वजीर गेला. त्याचं त्यांना काही वाटलं नाही.